पोळ्याआधी पितळेची घासपूस : घागरमाळ, शेंब्या आणि दाराची कडी
(शेतकरी मंडळासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आषाढ संपत आला की घराघरांत एक गाठोडं माळ्यावरून खाली येतं. त्यात झूल असते, बाशिंगं असतात, गोंडे असतात आणि तळाशी असते ती बैलांची घागरमाळ आणि शिंगांच्या पितळी शेंब्या. वर्षभर बांधून ठेवलेलं पितळ काळंठिक्कर पडलेलं असतं, कुठं कुठं हिरवा थर चढलेला असतो. दक्षिण महाराष्ट्रात बेंदूर आधी येतो, बाकी बहुतेक ठिकाणी श्रावणी अमावास्येला पोळा. दोन्हीकडे घाई तीच. आदल्या दिवशी खांदेमळणीच्या गडबडीत कुणाला तरी आठवतं, की अरे, घाट्या घासायच्या राहिल्या!

अशाच घाईत एका वर्षी मी चूक केली. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचं का सांगतोय ते ध्यानात येईल. बाजारातून फरशी धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली आणली. घाट्या चामड्याच्या पट्ट्यात ओवलेल्या, शिवण जुनी, उसवली तर चांभारदादांकडे जावं लागणार. म्हणून पट्ट्यासकट सगळी माळ त्या पाण्यात बुडवली. काळेपणा क्षणात गेला. पण पितळ पिवळंधमक न होता तांब्यासारखं लालसर, निस्तेज दिसू लागलं. दोन बादल्या पाण्यानं धुऊन माळ सर्ज्याच्या गळ्यात घातली. संध्याकाळी भुरभूर पाऊस लागला, त्यात घाम, त्यात ते चामड्यात मुरलेलं अ‍ॅसिड. सकाळी पाहतो तर गळ्याखालचे केस गेलेले आणि कातडी लाल. ऐन पोळ्याला सर्ज्या दावणीलाच उभा. आमच्या आईनं त्याला पुरणपोळी तिथंच नेऊन भरवली, माझ्याशी मात्र दिवसभर बोलली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आता मूळ गोष्ट. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्र धातू. त्यात तांब्याचा वाटा जास्त असतो. हवेतल्या ओलीनं वरच्या वर तांब्याचा काळपट थर बसतो. घाम, मीठ, आंबट याचा संबंध आला की तोच थर हिरवा होतो. त्याला आपण कळंक किंवा जंगाल म्हणतो. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं ते यामुळंच. हा थर नुसता घासून लवकर निघत नाही, आंबटात मात्र विरघळतो. चिंच, लिंबू, आंबट ताक, कोकणातली आमसुलं, या सगळ्यांत सौम्य आम्लं आहेत. चिंचेत टार्टरिक, लिंबात सायट्रिक, ताकात लॅक्टिक. आपल्या आज्या हे नाव न घेता हेच करत होत्या. अ‍ॅसिडची बाटलीही तेच काम करते, पण ती थरापाशी थांबत नाही. पितळातलं जस्त खाते आणि मागं तांबं उरतं. लाल डाग म्हणतात तो हाच. एकदा जस्त गेलं की ते परत येत नाही.

सुरुवात करण्याआधी एक परीक्षा करा. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक घरात कुठंतरी पडलेलं असतं. ते वस्तूला लावा. चिकटलं, तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा नुसता मुलामा. अशी वस्तू आंबटानं घासू नका. मुलामा जाईल आणि आठवड्यात गंज दिसेल. ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडी करा. अलीकडच्या दाराच्या कड्या-मुठींवर पारदर्शक लाखेसारखा थर असतो, त्यालाही चिंच लावू नये. ठिगळं ठिगळं उठतात.

घाट्या आणि घुंगरं पट्ट्यातून, दोरीतून सोडवून घ्या. यात आळस नको, माझं झालं ते ऐकलंतच. पहिल्यांदा कोमट पाण्यात रिठा कुस्करून त्याच्या फेसानं तेल, मळ, जुना शेंदूर काढा. तेलकट पितळावर चिंच चालत नाही, नुसती घसरते. मग लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. चिंचोके आणि रेषा काढून कोळ करा, त्यात चहाचा एक चमचा मीठ घाला. हा कोळ पितळाला लावून पाच मिनिटं ठेवा, फार काळं असेल तर दहा. रात्रभर भिजत ठेवू नका. जास्त वेळ म्हणजे जास्त चकाकी असं गणित इथं नाही. नारळाच्या काथ्यानं चोळा, नक्षीच्या खोबणीत जुना दात घासायचा ब्रश चालवा. घाटीच्या आतही बोट घाला, लोलक जिथं टांगलेला असतो तिथं हमखास हिरवं साचतं. लोलक लोखंडी असेल तर त्याला आंबट लावू नका.

चुलीतली राख सगळ्यांना माहीत आहे, पण ती चाळून घ्या. पातळ धोतराच्या फडक्यातून गाळलेली शेणीची राख पिठासारखी लागते, ती चालेल. खडा राहिला तर ओरखडे पडतात. विटकर आणि रांगोळी तर मुळीच नको. त्यांनी चमक येते खरी, पण जुन्या घाटीवरची नावं आणि वेलबुट्टी दोन-चार वर्षांत पुसली जाते. कोळ धुऊन टाकल्यावर राखेचा हात फिरवण्यात आणखी एक फायदा असा, की राख खारट अल्कली असल्यानं मागं राहिलेलं आंबट मारते. मीठ मात्र राखेनं जात नाही, ते पाण्यानंच जातं. म्हणून दोन-तीन पाणी बदलून धुवा. मीठ राहिलं तर आठ दिवसांत पुन्हा हिरवं.

धुतलं की ताबडतोब कोरडं करा. श्रावणातलं ऊन लबाड असतं, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. सुती फडक्यानं पुसून चुलीच्या उबेला, पण जाळापासून लांब, तासभर ठेवा. मग दोन थेंब खोबरेल फडक्यावर घेऊन पुसट हात फिरवा. तेल ओथंबलं तर धूळ धरतं. पट्टा पूर्ण वाळल्यावरच माळ ओवा आणि बैलाच्या गळ्यात घालण्याआधी आतल्या बाजूनं हात फिरवून पाहा.

दाराच्या कडी-कोयंड्याला कोळ लावला तर तो ओघळतो. सागवानावर डाग पडतो आणि खिळे लोखंडी असतील तर तो डाग काळा होतो. म्हणून लिंबाचा रस, मीठ आणि ज्वारीचं पीठ एकत्र करून थालीपिठासारखं घट्ट भिजवा. कडीच्या भोवती पुठ्ठा कापून बसवा आणि हे पीठ फक्त पितळेवर थापा. पाच-सात मिनिटांनी ओल्या फडक्यानं उचलून घ्या, दोनदा स्वच्छ पाण्याच्या फडक्यानं पुसा आणि कोरडं करा. बिजागरीच्या सांध्यात हे पीठ जाऊ देऊ नका. तिथं शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे.

आता ही माळ वर्षभर ठेवायची कुठं? बऱ्याच जणांची गोठ्यातल्या खुंटीला असते. काहींच्या घरी युरियाच्या पोत्याशेजारी. ती जागा बदला. मूत आणि ओलावलेला युरिया यांतून अमोनिया निघतो आणि पितळेचा तो वैरी आहे. विशेषतः पत्रा ठोकून किंवा दाबून केलेल्या वस्तूंचा, म्हणजे शेंब्या आणि गोल घुंगरं. ओतीव घाटी त्यामानानं टिकते. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात तबेल्यात ठेवलं की आपोआप तडे जात. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि धातूतला ठोकण्याचा ताण मिळून हे होतं, हे १९२१ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. तुमची शेंबी न पडता, न आपटता चिरली असेल तर कारण बहुधा हेच. कोरड्या फडक्यात गुंडाळून घरातल्या पेटीत ठेवा.

फवारणी पंपाबद्दलही बोलतो, कारण त्याच्या नोझलला बहुधा पितळच असतं. तिथं वरचं काहीएक करू नका. चिंच नको, राख तर मुळीच नको. नोझलचं भोक राखेनं किंवा तारेनं घासलं की मोठं होतं. डोळ्याला दिसत नाही, पण औषध जास्त पडतं, पैसा जातो आणि पीक करपतं. हातमोजे घालून स्वच्छ पाण्यात भिजवा, मऊ ब्रशनं साफ करा. तोंडानं फुंकू नका. त्यासाठी वापरलेला ब्रश आणि भांडं घरात परत आणू नका आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका.

घागरमाळ धुतलेलं हिरवट पाणीही जनावरांच्या हौदाजवळ टाकू नये. तांब्याचा अंश मेंढरांना फार बाधतो, इतर जनावरांपेक्षा कितीतरी लवकर. ज्यांच्याकडे मेंढरं आहेत त्यांनी ते खड्ड्यात ओतून वर माती लोटावी. घासणाऱ्यानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये. लहान पोरांना हे काम फार आवडतं, त्यांना द्या, पण हाताला जखम असेल तर नको. चिंच-मीठ झोंबतं.

आणि घरात अ‍ॅसिडची बाटली असेलच, तर ती कोनाड्यातून आजच खाली काढा. सरबताच्या किंवा सोड्याच्या बाटलीत भरलेली असेल तर ती ओळखू येण्याजोग्या मूळ बाटलीत नाही याचा विचार करा. पोरं तहानेला बाटली पाहतात, रंग पाहत नाहीत. कुणी चुकून प्यालंच, तर उलटी करवू नका. वर येताना तेच अ‍ॅसिड घसा पुन्हा जाळतं. तोंड पाण्यानं धुवा आणि बाटलीसकट तडक दवाखाना गाठा.

सर्ज्याच्या गळ्याला पुढं महिनाभरानं केस आले. त्या माळेतल्या दोन घाट्या अजून लालसरच आहेत, चिंचेनं उजळल्या तरी बाकीच्यांत मिसळत नाहीत. पोळ्याला अजून अवधी आहे तोवर पट्ट्याची शिवण उसवून चांभारदादांकडे टाका, त्यांच्याकडेही ऐन सणाला रांग असते.

राम राम.