बिश्केकची पदवी, चाकणचा केसपेपर

(पिंपरी येथील युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला सांगण्यात आलं, परदेशी शिक्षणावर बोला, पोरांना स्फूर्ती मिळेल. स्फूर्ती-बिर्ती मी काही आणलेली नाही. हिशेब आणलाय. तो मांडतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

परदेशात शिकून आलेला म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं आधी बाबासाहेब उभे राहतात. १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. बदल्यात संस्थानची दहा वर्षं नोकरी करायची असा करार होता. १९१७ साली तो पाळायला ते बडोद्याला गेले, तर अख्ख्या शहरात त्यांना खोली मिळेना. पारशी पथिकाश्रमातून काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. कचेरीतला शिपाई कागद लांबून फेकायचा. म्हणजे जाणं अवघड असतंच, पण परत येणं त्याहून अवघड, हे आपल्याला शंभर वर्षांपूर्वी कळलंय.

डॉक्टरकीचं म्हणाल तर मराठी घरात आनंदीबाई जोशींचं नाव सगळ्यांना पाठ. १८८६ ला अमेरिकेत पदवी, १८८७ च्या फेब्रुवारीत मरण. बिचारीला दवाखाना चालवायला आयुष्यच मिळालं नाही. पण सुतार जातीतल्या रखमाबाई किती जणांना माहीत आहेत? १८८७ साली मुंबईच्या हायकोर्टानं त्यांना बजावलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. त्याच बाई पुढं लंडनला डॉक्टर होऊन १८९४ नंतर परत आल्या आणि सुरत, राजकोटला उभी हयात बायकांचे दवाखाने चालवले. त्यांच्या शिक्षणासाठी कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांनी धडपड केली, लोकांनी निधी उभा केला.

आता आपल्याकडे या. लिंक रोडच्या पत्राशेडमधलं पोरगं बिश्केकला, तिबिलिसीला जातं ते कोणत्या निधीवर? बापाच्या पीएफवर.

नीटला वीस लाखांवर पोरं बसतात. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर, आणि त्यातल्या निम्म्याच सरकारी. बाकीच्या बाजारात. ह्याच पिंपरीत खासगी अभिमत विद्यापीठाच्या मेडिकलची वर्षाची फी वीस लाखांच्या वर आहे, आणि तिथं तुमची-माझी राखीव जागा नाही. आपल्या जागांच्या नावानं वर्षभर बोंबलणारे ह्या पैशाच्या आरक्षणावर चकार शब्द काढत नाहीत. माझी बिश्केकची सहा वर्षं विमानाच्या तिकिटासकट बावीस लाखांत झाली. इथल्या आजच्या एका वर्षाच्या फीच्या आसपास तिथली अख्खी डॉक्टरकी! पोरगं परदेशी जातं ते हौसेनं नव्हे, घराशेजारचं दार बंद म्हणून.

सरकारी शिष्यवृत्ती आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. राजर्षी शाहूंच्या नावानं राज्याची आहे, केंद्राचीही आहे. पण त्या पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी, आणि राज्याची तर जगात वरचा नंबर लागणाऱ्या विद्यापीठांसाठी. बारावी होऊन किर्गिझस्तानला जाणाऱ्या पोराला त्यात जागा नाही. बँकेत जावं तर साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला तारण लागतं. झोपडीचा फोटोपास तारण होत नाही, हे मॅनेजर हसून सांगतो. माझ्या बापानं व्हीआरएसचे पैसे मोडले. आईनं बचत गटातून उचल घेतली. एजंटानं पहिल्याच दिवशी पन्नास हजार कापले, पावती दिली नाही.

तिकडचं थोडक्यात सांगतो. थंडी उणे वीस. शिकवणं इंग्रजीत, पण खाटेवरचा पेशंट बोलणार रशियन नाहीतर किर्गिझ. ती भाषा आली नाही तर सहा वर्षं तुम्ही पुस्तकातला रोगी बघता, जिवंत माणूस नाही. किर्गिझ म्हातारीनं मला कधी जात विचारली नाही. ती विचारली आपल्याच भारतीय मेसमध्ये. आडनाव काय, गाव कुठलं, मग ताट जरा पलीकडे. जात पासपोर्ट काढून आपल्या आधी पोचलेली असते. आणि परकेपण वेगळंच. २०२४ च्या मे महिन्यात बिश्केकमध्ये जमावानं परदेशी पोरांच्या होस्टेलांवर हल्ले केले. २०२२ ला युक्रेनमधून हजारो पोरं युद्धातून पळत आली, तेव्हा टीव्हीवरचे शहाणे विचारत होते, हे गेलेच कशाला? दार कोणी बंद केलं ते विचारायला त्यांची जीभ रेटली नाही.

परत आलं की परीक्षा. २००२ पासून परदेशी पदवीवाल्याला ही चाळणी लावलेली आहे. तीनशे प्रश्न, दीडशे बरोबर यायला हवेत. कित्येक वेळा पाचातला एकसुद्धा पास होत नाही. मी तिसऱ्या खेपेला झालो. मात्र इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथं शिकून तिथलीच पदव्युत्तर पदवी घेतली तर ही परीक्षा माफ. श्रीमंताचा परदेश वेगळा, गरिबाचा परदेश वेगळा.

तरी एक स्पष्ट बोलतो, काहींना आवडणार नाही. परीक्षा रद्द करा, ह्या मागणीवर मी सही करणार नाही. वस्तीतल्या लेकराच्या छातीला स्टेथोस्कोप लावणाऱ्याला न्यूमोनिया कळलाच पाहिजे. आपल्या माणसाला कच्चा डॉक्टर चालेल असं म्हणणं हीसुद्धा एक अस्पृश्यताच आहे. माझं भांडण एजंटाशी आहे, आणि पेशंट न दाखवता पदवी विकणाऱ्या कॉलेजांशी. नोव्हेंबर २०२१ च्या नियमानं निदान ५४ महिन्यांचा अभ्यास, तो इंग्रजीत, तिथं बारा महिने इंटर्नशिप आणि इथं पुन्हा बारा महिने सक्तीचे केलेत. एजंटाकडे जाण्याआधी हे कागदावर तपासा. एवढं करून इथल्या इंटर्नशिपच्या विद्यावेतनासाठी आमच्या लोकांना सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, ते वेगळंच.

आणि परीक्षा सुटेपर्यंतचा काळ? त्यात पोरं खचतात. घरी व्याज चढतं, गल्लीत लोक विचारतात, डॉक्टर झालास का रे? मग एखादं नर्सिंग होम बोलावतं, दहा-बारा हजारात रात्रपाळी कर म्हणतं. करू नका. नोंदणी नसताना प्रॅक्टिस केली तर २०१९ च्या कायद्यानं एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मालक सुटतो, पोरगं अडकतं.

आता खरं बोलायचं ते. परत आलो, पण कुणाकडे?

देशातला पहिला सरकारी पेनिसिलिनचा कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ साली ह्याच पिंपरीत निघाला. औषध इथं झालं, पण ते टोचणारा डॉक्टर वस्तीतला नव्हता. आज मी चाकणला कामगार वस्तीत बसतो. रात्री पाळी सुटायच्या वेळेला मोटारसायकलवर पोरगा येतो, हाताला फडकं, फडक्यात रक्त. कधी परभणीचा, कधी बिहारचा. प्रेस मशीनखाली बोट गेलेलं. सोबत सुपरवायझर. तो पैसे रोख काढतो आणि म्हणतो, डॉक्टरसाहेब, घरी दारात सापडलं असं लिहा.

मित्रहो, सहा वर्षांची डॉक्टरकी त्या एका ओळीवर येऊन उभी राहते.

कायद्याच्या परिशिष्टात बोटांचे भाव लिहिलेत. अख्खा अंगठा गेला तर कमाईची ताकद तीस टक्के गेली. पहिलं बोट चौदा, मधलं बारा, अनामिका किंवा करंगळी सात. ईएसआयमध्ये कामावरची इजा पहिल्या दिवसापासून धरली जाते, बरा होईपर्यंत मजुरीच्या नव्वद टक्के मिळतात, आणि अपंगत्वाचं ठरलं की पुढं पेन्शन. पण 'घरी दारात' असं लिहिलं की सगळं शून्य. काही ठिकाणी तर ईएसआयचा नंबर अपघातानंतर काढतात, हे मी डोळ्यानं बघतो. मी लिहितो ते खरं लिहितो. त्यामुळे दोन कंपन्यांनी माझ्याकडं माणसं पाठवणं बंद केलं. न पाठवू देत. जखमी माणूस स्वतः चालत येतो.

बाहेर शिकून येणाऱ्या आपल्या पोरांना मी पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात जाऊ नका असं म्हणत नाही. कर्ज फेडायचंय, पोट आहे. पण आठवड्यातनं दोन संध्याकाळ निगडी ते चाकण कुठंही, कामगारांच्या खोल्यांच्या मध्ये बसा. आणि इथं बसलेल्या, डॉक्टर नसलेल्या दोस्तांनो, तुम्हालाही काम आहे. रविवारी आपल्या विहारात परीक्षा देणाऱ्या पोरांसाठी टेबल-खुर्ची आणि दिवा द्या. दिल्लीला क्लास लावायला लाख रुपये प्रत्येकाकडं नसतात.

शेवटचं, हे आज घरी जाऊन सांगा. कामावर लागलं तर केसपेपरवर तारीख, वेळ, मशीनचं नाव आणि 'कामावर असताना' हे शब्द आहेत का, ते दवाखान्याच्या दारातच वाचून घ्यायचं. वाचता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या पोराला सोबत न्यायचं. तिथंच मोबाईलवर फोटो काढायचा. आणि सुपरवायझर कागद मागायला लागला तर मूळ कागद द्यायचा नाही.

जय भीम.