पगार कपातीच्या कागदावर सही करण्याआधी

(गेल्या शुक्रवारी दोह्यात आमच्या कॅम्पच्या मेसमध्ये मी जे बोललो ते इथं लिहून काढलंय. जे लोक ड्युटीमुळे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी.)

मागे जागा आहे, बसून घ्या. आठवड्याची एक सुट्टी, त्यात कपडे धुवायचे, घरी व्हिडिओ कॉल करायचा, तरी आलात. म्हणून लांबण लावत नाही.

गेल्या महिन्यात आपल्यातल्या तिघांनी मला एकाच कागदाचा फोटो पाठवला. कंपनी अडचणीत आहे, सगळ्यांनी थोडं सोसावं, पगारात कपात मान्य आहे असं लिहून द्यावं, नाहीतर कंपनी बंद पडेल. तिघांचाही प्रश्न एकच, "दादा, सही करू का?"

मी वकील नाही. रत्नागिरीला सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि गेली बारा वर्षं साईटवर आहे. पण असा कागद मला नवीन नाही. २०२० साली तो मी स्वतः फिरवला होता. त्याचं शेवटी सांगतो. आधी अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो, कारण तिथं हाच प्रश्न हजारो कामगारांपुढे आला होता आणि त्यांनी त्यावर मतदान केलं होतं.

साल २००३. अमेरिकन एअरलाइन्स ही तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी विमान कंपनी. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर लोकांनी विमानप्रवास कमी केला. यूएस एअरवेज ऑगस्ट २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली, युनायटेड डिसेंबरमध्ये. अमेरिकन एअरलाइन्सच्या मूळ कंपनीला त्या एका वर्षात साडेतीन अब्ज डॉलरचा तोटा झाला. म्हणजे अडचण खोटी नव्हती, हे आधी लक्षात घ्या. मालक रडतो तेव्हा प्रत्येक वेळी नाटकच करतो असं नाही.

कंपनीने कामगारांकडे वर्षाला १ अब्ज ८० कोटी डॉलरची सवलत मागितली. वैमानिकांनी ६६ कोटी, मेकॅनिक आणि सामान चढवणारे वगैरे जमिनीवरचे कामगार यांनी ६२ कोटी, केबिन क्रूने ३४ कोटी. उरलेले १८ कोटी तिकीट काउंटरवाले, ऑफिसवाले आणि व्यवस्थापन यांच्याकडून. वैमानिकांचा पगार २३ टक्क्यांनी खाली येणार होता, केबिन क्रूचा पंधरा टक्क्यांहून जास्त. नाही म्हणालात तर कंपनी दिवाळखोरीचा अर्ज करणार, हे उघड सांगितलं होतं.

आता दिवाळखोरीची त्यांना एवढी भीती का? तिथं 'चॅप्टर अकरा' नावाची सोय आहे. त्यात कंपनी लगेच बंद पडत नाही. विमानं उडत राहतात, ज्यांचं देणं आहे त्यांना कोर्ट थांबवून ठेवतं. पण कंपनी न्यायाधीशाकडे जाऊन म्हणू शकते की युनियनबरोबरचा करार आम्हाला झेपत नाही, तो रद्द करा. १९८३ साली कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सने दिवाळखोरीत जाऊन करार मोडले आणि पगार निम्म्यावर आणले. त्यानंतर १९८४ मध्ये कायदा थोडा कडक झाला. आधी युनियनशी बोला, हिशोब दाखवा, मग कोर्टात या, असं ठरलं. तरी शेवटचा हात न्यायाधीशाचाच.

म्हणून २००३ च्या एप्रिलमध्ये तिन्ही युनियनमध्ये मतदान झालं. वैमानिक हो म्हणाले. जमिनीवरचे कामगार हो म्हणाले. केबिन क्रूने थोड्या मतांनी नाही म्हटलं. मग मतदानाची मुदत एक दिवस वाढवली, आणि दुसऱ्या दिवशी तेही थोड्या फरकाने हो म्हणाले. विचार करा, एका रात्रीत घराघरात काय बोलणी झाली असतील. कुणाचं घराचं कर्ज, कुणाची मुलं कॉलेजात.

आणि मग बाहेर आलं की वरच्या मोठ्या अधिकाऱ्यांसाठी वेगळी सोय आधीच करून ठेवली होती. २००५ च्या जानेवारीपर्यंत कंपनीत टिकले तर काही जणांना मूळ पगाराच्या दुप्पट बोनस. आणि ४५ अधिकाऱ्यांच्या पेन्शनसाठी ४ कोटी १० लाख डॉलर वेगळ्या ट्रस्टमध्ये, म्हणजे कंपनी दिवाळखोरीत गेली तरी त्यांच्या पेन्शनला धक्का नाही. हे ज्या सरकारी कागदपत्रात लिहायचं होतं ते कंपनीने उशिरा दाखल केलं. मतं पडली तेव्हा कामगारांना यातलं काही माहीत नव्हतं.

लोक खवळले. पुन्हा मतदान घ्या म्हणाले. कंपनीचे प्रमुख डॉन कार्टी यांनी माफी मागितली, बोनस मागे घेतले. पेन्शनचा ट्रस्ट मात्र राहिला. २४ एप्रिलला कार्टींना राजीनामा द्यावा लागला. युनियननी करार मोडला नाही, पण सहा वर्षांचा करार पाच वर्षांवर आणून घेतला. पगार कपात तशीच राहिली.

मला यातलं काय लागलं सांगतो. लोक कपातीवर एवढे चिडले नव्हते. कपात त्यांनी स्वतः मत देऊन घेतली होती. चिडले ते "आपण सगळे एकाच बोटीत" असं सांगणाऱ्याने स्वतःसाठी वेगळी होडी बांधून ठेवली होती म्हणून.

आता कुणी म्हणेल, मग सरळ नाही म्हणायचं. तेही बघू. युनायटेडमध्ये नोव्हेंबर २००२ मध्ये मेकॅनिकांनी कपातीला नाही म्हटलं. पुढच्या आठवड्यात सरकारने कंपनीच्या कर्जाला हमी द्यायला नकार दिला आणि ९ डिसेंबरला कंपनी कोर्टात गेली. हे फक्त मेकॅनिकांमुळे झालं असं मी म्हणत नाही, कंपनीचे पाय आधीच खोलात होते. पण पुढे कपात झालीच. २००५ साली तर कोर्टाच्या परवानगीने पेन्शन योजनाच बंद केल्या. ती जबाबदारी सरकारी विमा संस्थेवर गेली, तिची देण्याची मर्यादा ठरलेली असते, त्यामुळे कित्येकांना ठरल्यापेक्षा कमी पेन्शन मिळाली.

आणि हो म्हणणाऱ्यांचं तरी काय झालं? अमेरिकन एअरलाइन्स तेव्हा वाचली. २००६-०७ मध्ये शेअरचा भाव वर गेला तेव्हा व्यवस्थापनाला मोठा मोबदला मिळाला, कामगार मात्र कमी केलेल्या पगारावरच. आणि २९ नोव्हेंबर २०११ ला कंपनी शेवटी दिवाळखोरीत गेलीच. पण या वेळी कामगार शिकलेले होते. २०१२ मध्ये तिन्ही युनियननी स्वतःच्या व्यवस्थापनाला बाजूला ठेवून यूएस एअरवेजशी आधीच बोलणी केली आणि त्यांच्याबरोबरच्या विलीनीकरणाला पाठिंबा दिला. डिसेंबर २०१३ मध्ये ते झालं.

आपल्याकडे मुंबईत जेट एअरवेजचं बघा. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने पगार कपात मागितली, वैमानिकांनी नकार दिला. १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं विमान उडालं. पगार थकलेले, आणि पीएफ-ग्रॅच्युइटीसाठी लोकांना वर्षानुवर्षं कोर्टात जावं लागलं. तेव्हा हो आणि नाही, दोन्हीकडे खड्डा असू शकतो. माझं म्हणणं एवढंच, खड्डा किती खोल आहे ते बघून पाय टाका.

आता माझं सांगतो.

२०२० चा उन्हाळा. काम थांबलेलं. आमच्या कंपनीने कागद काढला, पंचवीस टक्के कपात, 'परिस्थिती सुधारेपर्यंत'. मुदीरने माझ्या हातात गठ्ठा दिला. म्हणाला, तू मराठी-हिंदी बोलतोस, तुझं ऐकतील. मी रूमरूममध्ये फिरलो. "सहा महिन्यांचा प्रश्न आहे, नोकरी तर राहील" असं मी माझ्या तोंडाने सांगितलं. कागदावर सहा महिने कुठेच लिहिलेले नव्हते. सगळ्यांनी सह्या केल्या.

आमच्यात खेडचे एक काका होते, शटरिंग कारपेंटर, अकरा वर्षांची नोकरी. मला म्हणाले, "तू सांगतोस ना, मग झालं." वाचलंही नाही.

पुढच्या वर्षी काका कायमचे गावी निघाले. त्यांचा हिशोबाचा कागद मी बघितला आणि हात थंड पडले. इथल्या कायद्यात ग्रॅच्युइटी दर वर्षाला कमीत कमी तीन आठवड्यांच्या बेसिकएवढी, आणि ती शेवटच्या बेसिकवर मोजतात. काकांचं बेसिक १४०० रियाल होतं. त्या हिशोबाने अकरा वर्षांचे १०,७८० रियाल झाले असते. कपातीनंतर बेसिक १०५०. मिळाले ८,०८५. दोन हजार सहाशे पंच्याण्णव रियाल गेले. कपात एका वर्षाची आणि मार बसला अकरा वर्षांना.

आणि माझं? आम्हा सुपरवायझर आणि वरच्या लोकांची कपात भत्त्यातून केली होती. बेसिक शाबूत. मला हे माहीत होतं का? पगाराच्या स्लिपवर दिसत होतं. मी त्याचा अर्थ लावला नाही, कारण माझं नुकसान होत नव्हतं. अमेरिकेतल्या त्या साहेबांना नावं ठेवताना मला हे आठवतं.

नंतर आम्ही बारा जण एकत्र मुदीरकडे गेलो, काकांचा हिशोब समोर ठेवला. आरडाओरडा नाही. दोन महिन्यांनी उरलेल्यांचं बेसिक पूर्ववत झालं. काकांचे पैसे आले नाहीत. ते गावी गेले होते, आणि करार संपल्यावर तक्रारीची मुदत एक वर्षाची असते ती निघून गेली. ती मुदतही मला तेव्हा ठाऊक नव्हती.

मंडळी, अमेरिकेतल्या कामगारांकडे युनियन होती, मतपेटी होती. इथं आपल्याला, बाहेरून आलेल्यांना, युनियन करता येत नाही. आपल्याकडे एकच मत आहे, ती आपली सही. म्हणून कागद आला की हे विचारा:

कपात बेसिकमधून की भत्त्यातून? बेसिक असेल तर ग्रॅच्युइटी जुन्या बेसिकवर मोजू असं त्याच कागदावर लिहून मागा.

कधीपर्यंत? तारीख पाहिजे. 'परिस्थिती सुधारेपर्यंत' ही तारीख नाही.

कापलेले पैसे नंतर मिळणार की कायमचे गेले?

ऑफिसवाल्यांची, मॅनेजरची किती कपात आणि कशातून? हे विचारायला लाजू नका. सगळ्यांनी सोसायचं म्हणताय ना, मग सगळ्यांचं दाखवा.

कागद अरबी-इंग्रजीत असेल तर समजून घ्यायला दोन दिवस मागा, आणि सही केली तर प्रत घ्या. निदान मोबाईलवर फोटो काढा. कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही.

एकट्याने जाऊ नका. कंपनीत कामगार-मालक संयुक्त समिती असेल तर तिथं विषय मांडा. ती कायद्याने मान्य आहे. पगार थकला तर कामगार मंत्रालयात तक्रार करता येते, तिथून कामगार तंटा समितीकडे प्रकरण जातं. २०१८ च्या कायद्याने कामगारांसाठी मदत निधीही झालाय. दूतावासाच्या ओपन हाऊसला जाता येतं. आणि कायद्याने दिलेला किमान हक्क सही करून सोडून दिला तरी तो कायद्यात टिकत नाही, हे लक्षात ठेवा.

एवढं विचारून, उत्तरं बघून, कंपनी खरंच अडचणीत आहे असं वाटलं तर सही करा. मी करू नका म्हणत नाही. काम टिकणं हीसुद्धा घरची भाकरी आहे.

आणि इथं जे फोरमन, सुपरवायझर बसलेत त्यांना एक सांगायचंय. उद्या तुमच्या हातात असा गठ्ठा देतील. फिरवण्याआधी स्वतः पूर्ण वाचा. तुमची कपात आणि त्यांची कपात एकाच रकान्यात आहे का बघा. नसेल तर रूममध्ये गेल्यावर तेवढं आधी सांगा.

ज्यांनी फोटो पाठवले ते तिघं थांबा जरा. कागद घेऊन या, एकेक ओळ वाचू.