कावीळ : लक्षण एक, कारणे पाच

कावीळ झालेल्या माणसाला सारे जग पिवळे दिसते, असे मराठीत म्हणतात. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. रोग्याला जग नेहमीसारखेच दिसते. त्याच्या डोळ्यांतील पिवळेपणा दिसतो तो भोवतालच्या माणसांना. कावीळ हा एकच रोग असून तो उतरवता येतो, ही समजूतही तितकीच रूढ आहे. पण ती तितकी निरुपद्रवी नाही.

कावीळ हा मुळी रोगच नव्हे, ते लक्षण आहे. जुन्या झालेल्या तांबड्या रक्तपेशी मोडतात, तेव्हा त्यांतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. यकृताला सूज आली, की हे काम मंदावते. द्रव्य रक्तात साचते, डोळे व त्वचा पिवळी पडते आणि लघवी गडद होते. अशी सूज मद्याने येते, काही औषधांनी येते. पण ती आणणारे पाच विषाणू मुख्य होत. त्यांना ए, बी, सी, डी आणि ई अशी साधी नावे आहेत. नावे सारखी असली, तरी या पाचांत सख्खे नाते नाही.

यांपैकी ई विषाणूच्या कथेचा पहिला अंक राजधानी दिल्लीत घडला. १९५५ सालच्या नोव्हेंबरात पुरानंतर यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगडच्या नाल्याचे मैलापाणी वझिराबाद येथील जलकेंद्राच्या मुखाशी आले. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढविले. त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही. पण डिसेंबर व जानेवारीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जंतू मेले, विषाणू मात्र नळांतून घरोघर पोहोचला होता. गर्भवती स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण इतरांहून पुष्कळच अधिक आढळले. त्या वेळी हा ए विषाणूचा प्रकार समजला गेला. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढे तपासले गेले, आणि हा विषाणू ए नव्हे, बीही नव्हे, असा निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाला. या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांचा वाटा होता. त्याच वर्षी डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीरमधील १९७८ च्या साथीवरून असेच अनुमान मांडले. १९८३ साली रशियन शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रोग्यांच्या मलापासून केलेला अर्क स्वतः प्राशन केला, कावीळ ओढवून घेतली आणि विषाणूचे कण दाखवून दिले.

ए आणि ई हे पाण्याच्या व अन्नाच्या वाटेने येतात. ताप, मळमळ, अन्नावर वासना नसणे आणि मग कावीळ, असा त्यांचा क्रम असतो. बहुतेक रोगी काही आठवड्यांत आपोआप बरे होतात आणि विषाणू शरीरात ठाण मांडून बसत नाही. अपवाद मोठा आहे तो गर्भवतीचा : शेवटच्या तीन महिन्यांत ई विषाणूची बाधा झाल्यास शंभरांत वीस ते पंचवीस स्त्रिया दगावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

बी, सी आणि डी यांची वाट रक्ताची आहे. दूषित सुई, निर्जंतुक न केलेली हत्यारे, न तपासलेले रक्त, दुसऱ्याचा वस्तरा ही त्यांची साधने. बी विषाणू लैंगिक संबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकाकडेही जातो. डी तर बीच्या आधाराविना जगूच शकत नाही. या विषाणूंचे कपट असे, की पुष्कळदा कावीळ होतच नाही. प्रौढपणी बीची बाधा झालेल्यांपैकी शंभरांत पाचांहूनही कमी जणांत ती कायम राहते. पण तान्ह्या वयात झाली, तर नव्वदांहून अधिक जणांत राहते. सी विषाणू शंभरांत सुमारे सत्तर जणांत टिकून राहतो. मग वीसतीस वर्षे यकृत मुकाट्याने निबर होत जाते. कित्येकांना अखेर कर्करोग गाठतो.

म्हणूनच कावीळ उतरविण्याच्या रूढीकडे नीट पाहिले पाहिजे. चुन्याच्या निवळीत हात धुऊन पाणी पिवळे झालेले दाखविले जाते. गळ्यातील माळ लांबली, की रोग ओसरला असे मानतात. ए आणि ईचा रोगी तसाही बरा होणारच असतो. श्रेय माळेला मिळते. पण बी किंवा सीच्या रोग्याचा पिवळेपणा गेला, तरी विषाणू गेलेला असेलच असे नाही. डोळ्यांच्या रंगावरून कोणता विषाणू, हे निष्णात वैद्यालाही सांगता येत नाही. ते रक्त सांगते. ए आणि ईसाठी ताज्या बाधेची प्रतिद्रव्ये पाहतात. बीसाठी विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन शोधतात. सीसाठी आधी प्रतिद्रव्ये आणि मग प्रत्यक्ष विषाणू. बीचे हे प्रथिन शोधणारे डॉ. बारूक ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले; त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, हाच जागतिक यकृतदाह दिन होय.

उपाय आवाक्याबाहेरचे नाहीत. ए आणि बीवर लस आहे. बीची पहिली मात्रा बालकाला जन्मानंतर चोवीस तासांत द्यावयाची असते. बीला औषधांनी आवर घालता येतो. सी तर तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांनी, बहुधा तीन महिन्यांत, शंभरांत पंचाण्णवांहून अधिक रोग्यांत समूळ जातो. भारतात २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व उपचार विनामूल्य देण्याची योजना आहे. बीच्या रोग्याला वेगळे ताट देण्याचे कारण नाही. सहभोजनाने किंवा स्पर्शाने तो पसरत नाही. वस्तरा आणि दात घासण्याचा ब्रश तेवढा वेगळा असावा.

पाणी उकळून प्यावे, सुई नवी आहे याची खात्री करावी, बालकाची लस चुकवू नये आणि काविळीच्या रोग्याचे रक्त तपासून घ्यावे. गरोदर स्त्रीला कावीळ दिसताच तिला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. तेथे माळेसाठी घालविलेला एक दिवसही दोन जिवांच्या मोलाचा ठरू शकतो.