शुक्राणूची चाल, वऱ्हाडचं ऊन आणि सरकी



अकोल्यात उभं राहून पशुप्रजननावर बोलायचं म्हणजे जबाबदारी मोठी. १९६९ साली इथं कृषी विद्यापीठ उभं राहिलं आणि त्याला अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव लागलं. पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था इथली. महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाची घडीही याच गावात बसली. म्हणून आज मी इकडचं-तिकडचं न बोलता एकच प्रश्न घेणार आहे. शुक्राणू कशाच्या बळावर चालतो, आणि ते बळ आपल्या वऱ्हाडात कुठं खर्ची पडतं?

वळूच्या ताज्या वीर्याचा थेंब कोमट काचपट्टीवर ठेवून कमी शक्तीच्या भिंगाखाली पाहिला, तर एकटा शुक्राणू नजरेत येतच नाही. दिसतात त्या लाटा. आभाळ भरून आल्यावर ढग एकमेकांत घुसळावेत, तशा काळसर लाटा उठतात, मोडतात, पुन्हा उठतात. त्या लाटांना आपण गुण देतो आणि नमुना पुढं पाठवतो. पण लाट दिसली म्हणजे शिदोरी पुरेशी आहे, असं होत नाही. माझा सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे.

शिदोरी म्हणजे एटीपी, पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू. शेपटीच्या गाभ्यातली डायनिन नावाची प्रथिनं एटीपी मोडतात, नलिका एकमेकींवरून सरकतात आणि शेपूट वळते. हे एटीपी दोन ठिकाणी तयार होतं. मानेखालच्या मधल्या भागात सत्तरेक मायटोकॉन्ड्रिया मळसूत्रासारखे गुंडाळलेले असतात, ते ऑक्सिजन वापरून एटीपी बनवतात. त्याच्या पुढं, लांबलचक शेपटीत, साखर मोडणारी विकरं तंतूंच्या आवरणाला चिकटून बसलेली असतात. केंब्रिजचे थॅडियस मान यांनी १९४६ साली दाखवून दिलं की वीर्यातली मुख्य साखर ग्लुकोज नसून फ्रुक्टोज आहे. त्यांचा ‘बायोकेमिस्ट्री ऑफ सीमेन’ हा १९५४चा ग्रंथ या विषयाचा पाया आहे.

पुढं कळलं की सगळ्या जनावरांचा हिशेब एकसारखा नाही. घोड्याचा शुक्राणू बहुतांशी मायटोकॉन्ड्रियावर जगतो, जोरात पळतो आणि त्याच भट्टीच्या धुरानं लवकर थकतो. डुकराचा जास्त करून साखर मोडून चालतो. वळूचा दोन्हीकडून घेतो, म्हणून तो तग धरतो. पण साखर मोडताना लॅक्टिक आम्ल साठतं, सामू उतरतो आणि चाल मंदावते. वीर्य पातळ करायच्या विस्तारकात बफर घालतो तो याचसाठी. बाटलीवरची कृती वाचून विस्तारक बनवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे कारण माहीत असलं पाहिजे.

मिथिलीन ब्लूची जुनी चाचणी आपण सगळेच शिकलो. नळीत वीर्य, थोडा निळा रंग, वर लिक्विड पॅराफिनचा थर, आणि कोमट पाण्यात नळी धरून घड्याळाकडं पाहायचं. चांगल्या वळूचा नमुना तीन ते सहा मिनिटांत निळा रंग घालवतो. ही चाचणी हालचाल मोजत नाही. आत विकरांचं काम किती जोमानं चाललंय ते सांगते. आज संगणकावर शुक्राणूचा वेग सेकंदाला किती मायक्रॉन असा मिळतो, ते उत्तमच आहे. पण वेग हा आत्ताचा असतो. गायीच्या प्रजननमार्गात त्याला तासन्‌तास तग धरायचा असतो, आणि शेवटी बीजवाहिनीत जोरदार फटकारे मारण्याइतकं एटीपी शिल्लक लागतं.

गोठवण्यात यातलं बरंच जातं. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे पाव मिलीच्या स्ट्रॉमध्ये दोन कोटी शुक्राणू असतात आणि वितळल्यावर निदान निम्मे चालते हवेत. उणे १९६ अंशांतून वर येताना पटलं फाटतात, मायटोकॉन्ड्रिया गळतात. जे निम्मे चालताना दिसतात त्यांचीही शिदोरी अर्धी झालेली असते. मग ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद हा नियम मोडून, तळहातावर चोळून किंवा खिशात ठेवून स्ट्रॉ वितळवला, तर आपण आपल्या हातानं गाय उलटवतो, तिला गाभण राहू देत नाही. मे महिन्यात गोठ्याबाहेर उन्हात कंटेनरचं झाकण उघडून स्ट्रॉ शोधत बसणं हेही तेच.

आता उन्हाकडं येतो. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढं जातो, हे इथं कुणाला सांगायला नको. वळूचे वृषण शरीरापेक्षा चार-पाच अंशांनी थंड राहावे लागतात. शुक्राणू घडायला साधारण ६१ दिवस लागतात, शिवाय एपिडिडिमिसमध्ये आठवडा-दीड आठवडा. म्हणजे मेच्या उन्हाचा घाव जुलैच्या वीर्यात उतरतो. पावसाळ्यात हवा गार झाली, हेल्यानं उडी छान मारली, आणि म्हशी मात्र फळत नाहीत. मग दोष म्हशीच्या माथी जातो. आपल्या पूर्णाथडी म्हशीला जानेवारी २०२३ मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणीची मान्यता जाहीर झाली. पूर्णेच्या खोऱ्यातली ही भुरकट म्हैस या उन्हात टिकली आहे. तिच्या हेल्याच्या शुक्राणूचं ऊर्जाचक्र उन्हाळ्यात कसं चालतं, हा प्रश्न जगातल्या दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेनं का सोडवावा? तो आपलाच आहे.

आणि तितकाच आपला प्रश्न सरकीचा. वायदेबाजारात सरकी ढेपेचा सौदा अकोल्याच्या नावानं होतो. आपल्या गोठ्यात ढेप नाही असा दिवस जात नाही. सरकीचा दाणा ब्लेडनं आडवा कापून पाहा, पिवळसर गरावर बारीक काळे ठिपके दिसतील. त्या ग्रंथींमध्ये गॉसिपॉल असतं. किडीपासून बचावासाठी कपाशीनं ते स्वतःसाठी तयार केलेलं आहे. चीनमध्ये १९५०च्या दशकात कच्चं सरकीचं तेल खाणाऱ्या खेड्यांत मुलं होईनाशी झाली, तेव्हा शंका या रंगद्रव्यावर आली. १९७०च्या दशकात पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी म्हणून तिथं आठ हजारांवर लोकांवर चाचण्या झाल्या. रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि काहींची प्रजननक्षमता परत येत नाही, म्हणून ती वाट सोडावी लागली.

गॉसिपॉलचा घाव नेमका कुठं बसतो? शुक्राणूच्या मधल्या भागावर. मायटोकॉन्ड्रियाचं वेटोळं जागोजागी तुटतं, ऊर्जानिर्मितीची साखळी सुटते, आणि लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या विकराचं शुक्राणूतलं खास रूपही अडतं. वळूंमध्ये हा मध्यभागाचा दोष परदेशी प्रयोगांत स्पष्ट दिसला आहे; तिथं ई जीवनसत्त्व दिल्यानं तो कमी झाला, हेही दिसलं आहे.

ढेप बंद करा, असं मी मुळीच म्हणत नाही. दुभत्या जनावराचं ते प्रथिन आहे, आणि मोठ्या जनावराच्या कोटीपोटात गॉसिपॉलचा मोठा हिस्सा प्रथिनांना बांधला जाऊन निरुपद्रवी होतो. तेल काढताना उष्णता मिळाली तरी तेच होतं. धोका आहे तो कोटीपोट पुरतं तयार न झालेल्या गोऱ्ह्याला, पैदाशीच्या वळूला आणि कच्ची सरकी भरपूर खाणाऱ्या नराला. आपल्या बेरारी बोकडालाही तेच लागू. पैदाशीसाठी ठेवलेला नर आणि दुधाची म्हैस यांना एकाच घमेल्यातून खाऊ घालणं थांबलं पाहिजे. टेक्सासमध्ये कीर्ती राठोड यांनी दाण्यात गॉसिपॉल जवळजवळ नसलेली कपाशी घडवली, २०१८ साली अमेरिकेनं तिच्या लागवडीला मोकळीक दिली. आपल्याकडं ती येईल तेव्हा येईल. ढेपेतलं मोकळं गॉसिपॉल मोजणं मात्र आज शक्य आहे.

शिदोरीचा हाच हिशेब लिंगविनिश्चित, म्हणजे हवं ते वासरू मिळावं म्हणून शुक्राणू निवडून भरलेल्या, रेतमात्रेलाही लागू आहे. तिच्याबद्दल एवढंच सांगतो की तिच्यात शुक्राणू मुळात कमी असतात, यंत्रातून जाताना त्यांची दमछाक झालेली असते, म्हणून तिथं निष्काळजीपणाला जागाच नाही. २०१९ साली हिरोशिमाच्या संशोधकांनी उंदरात दाखवलं की मादी पिल्लू देणाऱ्या एक्स शुक्राणूचं ऊर्जाचक्र काही काळ मंद करून त्याला वेगळं काढता येतं. लिंगनिवडीची पुढची वाटही ऊर्जेतूनच जाण्याची शक्यता आहे.

माझं मागणं थोडकं आहे. पैदाशीच्या प्रत्येक नराच्या कागदावर त्याचा आहार लिहा, ढेप किती आणि कुठल्या घाणीची तेसुद्धा. रेतन केल्यावर गाय उलटली, तर स्ट्रॉचा क्रमांक आणि वीर्य गोळा केल्याचा महिना नोंदवा. प्रयोगशाळांनी चालीच्या जोडीला मायटोकॉन्ड्रियाची चाचणी वर्षभर, निदान मे ते सप्टेंबर, करावी. आणि प्रबंधाचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनो, पूर्णाथडीचा हेला आणि बेरारी बोकड तुमच्या दारात उभे आहेत. यंदाच्या उन्हाळ्यापासून नमुने घ्यायला लागा. संस्थांनी त्यांना नायट्रोजन, रसायनं आणि मार्गदर्शक द्यावेत, ही या व्यासपीठावरून माझी जाहीर विनंती आहे.