हसून झाल्यावर



विनोदी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं की माणूस ताबडतोब गंभीर होतो. मी त्याला अपवाद नाही. निवड जाहीर झाल्यापासून भेटेल तो एकच विचारतोय, "या दिवसांत तुम्हाला विनोद सुचतो तरी कसा?" विचारणाऱ्याचा रोख माझ्या लेखणीकडे नसतो, त्याच्या हातातल्या वर्तमानपत्राकडे असतो. आपण मत दिलेला उमेदवार आज कोणत्या पक्षात आहे, हे मतदाराला पेपर उघडल्याशिवाय कळत नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामा-भाचे एकमेकांना देशद्रोही ठरवतात. मग दिवाळीच्या फराळाला कोणाला कोणत्या दिवशी बोलवायचं, म्हणजे गाठ पडणार नाही, याचं वेळापत्रक बिचाऱ्या मामीला आखावं लागतं. वरचे ऐकत नाहीत आणि शेजारचे बोलत नाहीत, अशी ही दुहेरी निराशा आहे.

विनोद हे यावरचं औषध आहे, असं अशा व्यासपीठावरून म्हणायची पद्धत आहे. मला ते मनापासून म्हणवत नाही. रात्री मोबाइलवर पुढाऱ्याची टिंगल वाचायची, खुदकन हसायचं, दहा जणांना पुढे ढकलायची आणि आपण काहीतरी केलं अशा समाधानात झोपायचं. सत्तेला याहून सोयीचा नागरिक कुठे मिळणार? हसून झाल्यावर माणूस उठून कुठे जातो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

अशी उठून गेलेली माणसं पाहायची तर 1972चा दुष्काळ आठवा. रेशनवर मिलो ही लाल ज्वारी मिळत होती. ती ज्यांनी खाल्ली, त्यांना पन्नास वर्षांनंतरही तिची चव विसरता आलेली नाही. तेल, साखर, रॉकेल महागलं होतं. मुंबईत महागाईविरोधात बायकांची संयुक्त समिती उभी राहिली. मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट. कम्युनिस्ट पक्ष 1964 साली फुटला होता आणि समाजवाद्यांचं तर आपापसातही फारसं पटत नसे. पण तेलाचा भाव विचारधारा पाहून बदलत नव्हता. या बायका एकत्र आल्या, थाळ्या वाजल्या आणि लाटणं मोर्चा निघाला.

त्या लाटण्यापाशी मला थोडं थांबायचं आहे. हातात लाटणं घेऊन दारामागे उभी असलेली बायको हे आपल्या व्यंगचित्रांतलं शिळं झालेलं चित्र. रात्री उशिरा घरी येणारा नवरा आणि ती. पुरुषांनी काढलं, पुरुषांनी छापलं, पुरुषच हसले. दिवाळी अंकांची निम्मी पानं यावर भरली, आणि त्यात आमच्या पेशाचा हात मोठा आहे. मुंबईच्या बायकांनी तेच लाटणं उचललं आणि सरकारवर रोखलं. आपल्यावरचा विनोद त्यांनी आपल्या ताब्यात घेतला. आता पोलिसांनी करायचं काय? हत्यार म्हणून जप्त करावं तर जगात हसं, आणि सोडून द्यावं तर मोर्चा पुढे सरकतोय. मराठीतला सगळ्यात धारदार राजकीय विनोद कोणी लिहिला, असं मला विचारलं तर मी या बायकांकडे बोट दाखवीन. त्यांनी त्यासाठी कागदावर एक ओळ लिहिली नव्हती.

पुढे आणीबाणी आली. मृणालताई भूमिगत झाल्या, पकडल्या गेल्या, तुरुंगात गेल्या. 1977च्या निवडणुकीत त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या आणि रायबरेलीत इंदिरा गांधी हरल्या. तेव्हा लोकांच्या तोंडी घोषणा आली, "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में." लोक अजून ती ऐकून हसतात. पण 1961पासून नगरसेविका म्हणून महापालिकेत बसून ही बाई गोरेगावच्या पाण्यासाठी भांडली होती. अर्ज, मोर्चे, घेराव, पुन्हा अर्ज. ती वर्षं मागे नसती तर ही घोषणा नुसतं यमक ठरली असती. यमक जुळवणारे आपल्याकडे रग्गड आहेत, या सभागृहातच पाहा.

त्याच निवडणुकीत पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचाराला बाहेर पडले आणि निकालानंतर कोणतंही राजकीय पद न घेता पुन्हा आपल्या कामाला लागले. जनता पक्षाचं सरकार मात्र 1979मध्ये कोसळलं. विनोदाने माणसं घाबरायची थांबली होती. सरकार चालवायला लागणारा समंजसपणा सभेतल्या हशातून मिळणार नव्हता.

आता थोडं अप्रिय. मी अत्र्यांचा भक्त आहे, म्हणून मला बोलायचा हक्क आहे असं समजतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अत्र्यांनी 'मराठा' हे दैनिक काढलं, शाहिरांनी मैदानं गाजवली. गोळीबारात माणसं मेली होती. अशा वेळी लाखभर लोकांना हसवून उभं ठेवणं ही साधी गोष्ट नव्हे. तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्यावरचा हशा मला आजही न्याय्य वाटतो, कारण बंदुका त्यांच्या सरकारच्या होत्या. पण त्या दिवसांतल्या काही घोषणा मोरारजींवरून घसरून शेजारच्या गुजराती दुकानदारावर गेल्या. त्याच्या हातात कसली बंदूक होती? आज आपल्या फोनवर येणारे बहुतेक विनोद या घसरलेल्या जातीचे असतात. खुर्चीवरचा माणूस त्यांतून सुटतो, चाळीतला सापडतो. असा विनोद पाठवणाऱ्याला मी राजकीय विनोदी लेखक म्हणणार नाही. संमेलनाने मला तेवढ्यासाठी काढून टाकलं तरी चालेल.

अत्र्यांचं नाव घेतलंच आहे, तर त्यांच्याच 'लग्नाची बेडी'विषयी सांगतो. या नाटकात राजकारण औषधालाही नाही. 1980च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा अशा नामवंतांनी त्याचे प्रयोग केले ते सामाजिक कृतज्ञता निधीसाठी. तिकिटांतून उभा राहिलेला पैसा खेड्यापाड्यांत पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी होता. प्रेक्षक पोट धरून हसले आणि त्या हसण्याने कुठल्यातरी कार्यकर्त्याच्या घरचा किराणा भरला. निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेले, तेव्हा त्यांना यात नवल वाटलं नसावं.

म्हणून माझा ठराव असा आहे, आणि तो इतर ठरावांच्या गठ्ठ्यात घालू नका. या संमेलनातल्या प्रत्येक विनोदी लेखकाने वर्षातून एका कार्यक्रमाचं मानधन आपल्या तालुक्यातल्या एका कार्यकर्त्याला द्यावं. पाण्यासाठी, रेशनसाठी, शाळेसाठी झगडणाऱ्या कोणालाही. तो आपल्या पक्षाचा नसला तर अधिक बरं. शिवाय त्याला लागतील त्या घोषणा फुकट लिहून द्याव्यात, कारण मोर्चातल्या हल्लीच्या घोषणा फार कंटाळवाण्या असतात. माझं आजचं मानधन मी स्वागताध्यक्षांकडेच ठेवतो आहे. पाकीट किती जाड आहे हे अजून पाहिलेलं नाही, त्यामुळे या घोषणेला उशीर करणं धोक्याचं होतं. ठरावाला अनुमोदन हवं आहे. कोण देतं?