घर गहाण, वारस अज्ञान



कर्मचारी नोकरीत असताना वारला की आम्ही युनियनवाले तीन गोष्टींमागे धावतो: सेटलमेंट, फॅमिली पेन्शन आणि अनुकंपा नोकरी. धावायलाच हवे. पण घरावर बँकेचे कर्ज असेल तर चौथी गोष्टही तितकीच तातडीची असते. ते घर आता कोणाचे, आणि त्यात लहान मुलांचा वाटा किती? रेल्वे कॉलनीतले क्वार्टर सुटले की कुटुंबाला जायला तेच एक छप्पर उरते.

समजा, एका फिटरने कर्ज काढून रायपुरात घर बांधले. घर त्याच्या एकट्याच्या नावावर, मृत्युपत्र नाही. मागे पत्नी, तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि म्हातारी आई. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे चौघांना सारखा वाटा मिळतो. बौद्ध, जैन व शीख बांधवांनाही हाच कायदा लागू आहे. म्हणजे अर्धे घर त्या दोन पोरांचे झाले. नोटीस मात्र येते आईच्या हातात, आणि जो येतो तो सही मागतो तिचीच.

एक गोष्ट आधी स्पष्ट सांगतो, कारण खोटी आशा दाखवणारे पुष्कळ भेटतात. बापाने जिवंतपणी करून दिलेले गहाण पोर लहान आहे म्हणून रद्द होत नाही. घर येते ते बोजासकट येते. वारशात आलेल्या मालमत्तेपलीकडे मात्र मूल त्या कर्जाला बांधील नाही. त्याचे खरे संरक्षण पुढच्या व्यवहारात आहे.

हप्ते थकले की एखादा दलाल दारात उभा राहतो. "बाई, घर मला द्या, बँकेचे मी बघतो, वर चार पैसे तुम्हाला." नाहीतर कोणी त्याच घरावर नवे, मोठे कर्ज काढून जुने फेडायला सांगतो. इथे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ चे कलम ८ आठवावे. अज्ञान मुलाचा वाटा विकायचा किंवा गहाण ठेवायचा तर सख्ख्या आईलासुद्धा न्यायालयाची आगाऊ परवानगी लागते. गरज असेल किंवा मुलाचा उघड फायदा असेल तरच ती मिळते. परवानगीवाचून केलेला व्यवहार मूल पुढे रद्द करून घेऊ शकते, पण अठरा पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत. मुस्लिम व ख्रिस्ती कुटुंबांनी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून पालक नेमून घ्यावा.

हा प्रश्न आजचा नाही. हनुमानप्रसाद पांडे यांच्या नावाने ओळखला जाणारा १८५६ चा प्रिव्ही कौन्सिलचा निवाडा वकील मंडळी अजून सांगतात. त्यात आईने अज्ञान मुलाच्या इस्टेटीवर कर्ज काढले होते आणि मुलगा मोठा होऊन कोर्टात गेला. इस्टेट सांभाळणाऱ्याचा अधिकार मर्यादित आहे, आणि सावकारानेही कर्जाची गरज खरी आहे का याची चौकशी केली पाहिजे, असे तेव्हाच ठरले.

आता मुदतींविषयी. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक आधी साठ दिवसांची नोटीस देते. ती मृताच्या नावानेच आली तरी फाडून टाकू नका. त्याच मुदतीत बँकेला लेखी कळवा: कर्जदार वारला, वारस हे चार, पैकी दोन अज्ञान, त्यांची वये ही. सोबत मृत्यूचा दाखला व मुलांचे जन्मदाखले जोडा आणि पोच घ्या. आक्षेप लेखी असेल तर बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. त्याच पत्रात कर्जाबरोबर विमा उतरवला होता का, हे विचारा. कित्येक वेळा त्याचा हप्ता कर्जातूनच कापलेला असतो आणि घरच्यांना पत्ताही नसतो. विमा निघाला तर अर्धे भांडण तिथेच मिटते.

साठ दिवसांनंतर बँक ताबा घेऊ लागली तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. आपल्या छत्तीसगडसाठी ते जबलपूरला आहे. विधवेला ही यातायात परवडत नाही हे आम्ही जाणतो. पण १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया व मुले यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, न्यायाधिकरणासाठीसुद्धा. अर्ज रायपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करा. लिलावाची जाहिरात निघण्यापूर्वी पूर्ण थकबाकी खर्चासह भरली तर विक्री थांबते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यापुढे तो हक्क उरत नाही.

पैशाचेही जपा. सेटलमेंटची सगळी रक्कम कर्जात भरा, असा सल्ला नातेवाईक सहज देतात. रेल्वेच्या पीएफवर मृताच्या कर्जासाठी जप्ती येत नाही. फॅमिली पेन्शन ही मृताची इस्टेट नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली व्हायोलेट आयझॅक या रेल्वेच्याच खटल्यात सांगितले आहे. हे पैसे कर्ज देणाऱ्या बँकेतल्या खात्यात येऊ न देता दुसरीकडे घ्यावेत, असे आमचे सांगणे आहे. त्यातून घर सोडवायचे की मुलांच्या शिक्षणाला ठेवायचे, हे त्या बाईने शांतपणे ठरवावे.

आणि लिलाव झालाच, तर हिशेब मागा. कर्ज व खर्च वजा जाता उरलेली रक्कम वारसांची असते. वरच्या उदाहरणात तिचा अर्धा भाग मुलांचा. तो मुलांच्या नावाने ठेव म्हणून जमा झाला की नाही, हे आमचे शाखा सेक्रेटरी पावती बघून तपासतील.