उपासनागृहातील घुबड



आज मी कॅनडाच्या उत्तरेकडील बॅफिन बेटावरच्या एका इन्युइट आजींविषयी सांगणार आहे. त्यांचे नाव केनोजुआक अशेवाक.

त्यांचा जन्म १९२७ साली बर्फाच्या घरात झाला. त्या मुलुखात झाडे वाढत नाहीत. समुद्रही महिनोन्‌महिने गोठलेला असतो. शिकारीच्या मागे मुक्काम हलवत माणसे जगत. वडील लहानपणीच गेले. कातडे शिवायला आजीने शिकवले. पुढे लग्न झाले, मुले झाली आणि क्षयरोगाने गाठले. १९५२ ते १९५५ त्या दूर क्वेबेक शहरातील इस्पितळात होत्या. मुलेबाळे मागे राहिली. उपचाराने त्या वाचल्या.

घरी परतल्यावर त्यांनी शिवलेली सीलच्या कातड्याची एक पिशवी जेम्स ह्यूस्टन या कलावंताच्या नजरेस पडली. तिच्यावर समुद्रातील शेवाळ खाणारा ससा होता. त्याचेच त्यांचे पहिले छापचित्र झाले. केप डॉर्सेट वस्तीत १९५९ साली सहकारी संस्था उभी राहिली. तिथे एकाने चित्र काढायचे, दुसऱ्याने ते दगडावर कोरायचे, मग शाई लावून कागदावर ठसा घ्यायचा. विक्रीतून घरात पैसा येऊ लागला. केनोजुआक यांचे १९६० सालचे घुबड तर १९७० मध्ये कॅनडाच्या टपाल तिकिटावर आले.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती २००४ सालची गोष्ट. ऑन्टारिओ प्रांतातील ओकव्हिल येथे एका शाळेच्या उपासनागृहासाठी त्यांनी रंगीत काचेच्या खिडकीचे चित्र काढून दिले. त्यात त्यांच्याच मुलुखातले घुबड आणि मासा आहेत. प्रार्थनेला येणाऱ्यांवर त्यातून उजेड पडतो. २०१३ साली त्या वारल्या, खिडकी आहे.

बंधुभगिनींनो, औषध हवेच. ते मिळाले नसते तर ही खिडकीही नसती. पण औषधावर थांबून चालत नाही. आपण पाड्यावर जातो तेव्हा देण्यासाठी पिशव्या भरून नेतो. परतताना त्या रिकाम्याच असतात. देवाने तिथल्या आयाबहिणींच्या हातांतही दान ठेवले आहे. त्यांच्या कामाला रास्त दाम देऊ या आणि आपल्या मंदिराच्या भिंतीवर त्याला मानाची जागा देऊ या. घेणे हीसुद्धा सेवाच आहे.

देव आपणा सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.